होसे मार्ती : पोटासाठी पत्रकारिता?

क्युबाचे कवी आणि स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते होसे मार्ती यांची पत्रकारिता निव्वळ पोटापाण्यासाठी होती, असं एक मत आहे. ते मला अपुरं वाटतं. अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसच्या 'ला नासिओन' या दैनिकासाठी न्यूयॉर्कहून पाठवलेल्या वार्तापत्रांबद्दल ते अंशतः खरं आहे. पण त्यांनी स्वतः काढलेल्या 'पात्रिया'चं काय? हे पत्र १४ मार्च १८९२ ला सुरू झालं आणि स्वातंत्र्यासाठी मार्तींनी उभारलेल्या क्युबन क्रांतिकारी पक्षाची रीतसर घोषणा झाली १० एप्रिलला. म्हणजे आधी वृत्तपत्र, मग पक्ष!

हा क्रम फार महत्त्वाचा आहे. पक्षाचा मोठा आधार म्हणजे अमेरिकेच्या फ्लोरिडातल्या टॅम्पा आणि की वेस्ट इथले सिगार वळणारे कामगार. कारखान्यात हात कामात गुंतलेले असताना एक वाचक मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवी. त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून देत. त्यामुळे निरक्षरापर्यंतही मजकूर पोचे. याच कामगारांनी एकेका दिवसाची मजुरी लढ्याला दिली.

त्या पैशातून जमवलेली जहाजं आणि शस्त्रं जानेवारी १८९५ मध्ये फ्लोरिडातल्या फर्नांदिना बंदरात अमेरिकी अधिकाऱ्यांनी अडवली. तरी ११ एप्रिलला मार्ती लढ्याचे सेनापती मॅक्सिमो गोमेस यांच्यासह छोट्या होडीतून क्युबाच्या किनाऱ्यावर उतरले. १९ मे रोजी दोस रिओसच्या चकमकीत मार्ती मारले गेले, अवघ्या ४२ व्या वर्षी.