गोव्यात विद्यार्थ्यांसाठी स्वस्त खोल्या बांधणाऱ्या बिल्डरला जादा एफएआर (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) द्यावा का?

काणकोणकार: ताळगांव पठारावर युनिव्हर्सिटी, जवळच बांबोळीला मेडिकल कॉलेज, जीएमसी, होस्टेल सगळ्यांना मिळत नाही, मग काणकोण-सत्तरीची पोरं राहणार कुठं? भाचीची खोली बघून आलो. चार खाटा, खिडकीत इंडक्शन, गॅस ठेवायचा नाही, आणि ऑक्टोबर लागला की मालकीणबाई विचारणार, डिसेंबरात घरी जाणार ना गं, कारण नाताळात तीच खोली टुरिस्टला जाते. जमिनीचे भाव बघता स्वस्त खोल्या कुठला बिल्डर आपणहून बांधणार? म्हणून सेटलमेंट झोनमध्येच, म्हणजे घरं बांधायला ठरलेल्या जमिनीवर, कॉलेजला चालत जाता येईल तिथं, एक मजला जास्त द्या आणि बदल्यात निदान वीस वर्षं भाडं सरकारनं ठरवलेलंच घ्यायचं. झोन बदलायचा नाही.

डिचोलीवाला: झोन बदलायचा नाही म्हणे! नगरनियोजन कायद्यात १७(२) कलम आणलं तेव्हाही रिजनल प्लानमधल्या, म्हणजे कुठल्या जमिनीचा कुठला झोन ते ठरवणाऱ्या आराखड्यातल्या, नजरचुका तेवढ्या सुधारतो असंच म्हणाले होते, मग काय काय सेटलमेंट झालं ते सगळ्यांनी पाहिलं, शेवटी मार्च २०२५ला हायकोर्टानं ते नियम रद्द केले. उद्या विद्यार्थ्यांच्या नावानं डोंगर कापतील आणि वर दिल्लीवाल्यांचे सेकंड होम. २०११च्या जनगणनेत गोव्यात पाचातलं एक घर रिकामं होतं, आधी ती उघडा.

काणकोणकार: उघडा म्हणजे कशी? एक वाटेकरी लिस्बनला, दुसरा लंडनला, वारसांच्या वाटणीची, इन्व्हेंटरीची केस कोर्टात पडलेली. भाडेकरारावर सही कोण करणार?

सांताक्रूझची_बाय: सगळ्यांना बिल्डरचीच काळजी! आम्ही घरात पोरी ठेवतो, जेवणासकट. वर दोन खोल्या चढवायच्या म्हटलं तर पंचायत आणि टीसीपीच्या (नगरनियोजन खात्याच्या) फेऱ्या मारून चपला झिजल्या. एप्रिल-मेमध्ये नळाला धार नसते, टँकर मागवतो, तिथं चाळीस खोल्यांची बिल्डिंग आली तर पाणी कुठनं आणि सेप्टिक टँक भरून वाहिला की कोणाच्या विहिरीत? द्यायचं तर आम्हाला द्या.

फोंड्याचा_इंजिनियर: बायचं पटलं, पण चार घरांनी प्रश्न सुटत नाही, फर्मागुढीला आयआयटी आणि जीईसी (सरकारी इंजिनियरिंग कॉलेज) एकाच आवारात आहेत, आजूबाजूला भाडी काय आहेत विचारून बघा. महाराष्ट्रात मोठ्या शहरांत ४००० चौरस मीटर किंवा त्यावरच्या प्रोजेक्टमध्ये २० टक्के छोटी घरं ठेवायचा नियम आहे, तिथं बिल्डरांनी प्लॉटचे तुकडे पाडून पळवाट काढली असे आरोप झालेच. म्हणून अट अशी घाला की होस्टेल चालू झाल्याशिवाय विकायच्या फ्लॅटना ऑक्युपन्सी (राहायला देण्याचा दाखला) नाही, बिल्डरचा पैसा तिथंच अडकतो. आणि टुरिस्टला द्यायचं नाही हे मोघम नको. २०२४मध्ये होस्टेलच्या भाड्यावरचा जीएसटी माफ केला तेव्हा महिना २०,००० रुपयांपर्यंत आणि सलग ९० दिवस मुक्काम अशी अट ठेवली, तीच ९० दिवसांची उचला.

डिचोलीवाला: अट छान आहे हो, पण तपासणार कोण? नोंदणी नसलेले होमस्टे गल्लोगल्ली चालतात, ते कोणाला दिसतात? ऑक्युपन्सीचं मात्र मान्य. तरी माझी एक अट आधी, बागायत आणि भाताच्या शेताला हात लागला तर मंजुरी आपोआप रद्द.

काणकोणकार: ती घालाच, मी कुठं नाही म्हणतोय.

वाळपईचा: त्यापेक्षा संध्याकाळी कदंबाच्या, सरकारी, चार बसा वाढवा की. वाळपईची पोरं घरी येऊन जेवतील.

काणकोणकार: वाळपई ठीक आहे भाऊ, काणकोणला संध्याकाळी सहाला लॅब सुटलेली पोर पणजी-मडगांव बसा बदलत घरी पोचणार कधी आणि सकाळच्या लेक्चरला परत निघणार कधी?