२८ मिमी ग्रीक तटबंदी: फांजी, दगडांचे सांधे आणि वाकलेलं एमडीएफ

फासेवाला
पेलोपोनेशियन युद्धाच्या (अथेन्स विरुद्ध स्पार्टा, इ.स.पू. ४३१ ते ४०४) काळातलं छोटं ग्रीक नगर वेढ्याच्या खेळासाठी करतोय. मिनिएचर (छोटे सैनिकपुतळे) २८ मिमी, हॉप्लाइट (ढाल-भालेवाले ग्रीक पायदळ) ४० × ४० मिमीच्या बेसवर चार-चार. साहित्य: ५० आणि २० मिमीचे निळे एक्सपीएस (कडक फोमचे) बोर्ड, ३ मिमी एमडीएफ, गरम तारेचा कटर. नमुन्याचा ३० सेंमी तुकडा केला, पण फांजीवर (तटावरच्या चालायच्या वाटेवर) बेस मावत नाहीत, कोरलेले दगड कंपाउंडच्या विटांसारखे दिसतात आणि रंगानंतर एमडीएफ धनुष्यासारखं वाकलं. दरवाजाला कमान करावी का, तेही सांगा.

चिरेबंद
आधी फांजी, कारण बाकीची मापं तिच्यावर ठरतात. २८ मिमी मिनिएचरला जुळणाऱ्या १:६० प्रमाणात अडीच मीटर जाडीचा तट ४२ मिमी होतो. त्यातून चर्यांची (तटमाथ्यावरच्या दातेरी कठड्यांची) जाडी वजा केली की ४० चा बेस कुठे ठेवणार? म्हणून ५० मिमीचा बोर्ड आख्खा गाभा म्हणून उभा करा. २० मिमीच्या बोर्डातून तारेने ६ मिमीचे पापुद्रे काढा, ते टेबलावर आडवे ठेवून कोरा आणि मग बाहेरच्या अंगाला चिकटवा. हाच पापुद्रा गाभ्याच्या वर चढवला की चर्या तयार होतात आणि फांजी पूर्ण ५० मिमी मिळते. गाभा १०० मिमी उंच, चर्या ३० मिमी, दोन चर्यांमधली खालची भिंत १७ मिमी. सहा मिमीच्या चर्या खेळताना हमखास तुटतात, त्यामुळे आतून जाड पुठ्ठ्याची पट्टी लावाच.

दगड विटांसारखे दिसतात ते सारख्या उंचीचे थर आणि काटकोनी उभे सांधे यांमुळे. थर ७ ते १० मिमीमध्ये कमीजास्त ठेवा, चिरे १५ ते २८ मिमी लांब, आणि उभे सांधे तिरके: एक डावीकडे कललेला, पुढचा उजवीकडे. अधूनमधून एखाद्या चिऱ्याचा कोपरा खालच्या थरात खाच पाडून बसवा. एवढ्या एका गोष्टीने भिंत ग्रीक दिसायला लागते. रेघ आधी नव्या ब्लेडने एक मिमी खोल कापा आणि मग बॉलपेनने रुंद करा. थेट पेन दाबलं तर फोम फाटून कडा केसाळ होतात.

मातीवीट
वरचं बरोबर, पण या काळासाठी दगड फक्त तळाला, २० ते ३० मिमी. त्यावर कच्च्या विटा. याच युद्धात प्लाटिया या ग्रीक नगराला पडलेल्या वेढ्यात शिड्या किती लांब हव्यात हे आतल्या लोकांनी शत्रूने वेढ्यासाठी भोवती बांधलेल्या भिंतीतले विटांचे थर मोजून ठरवलं होतं, कारण तो भाग गिलाव्याविना राहिला होता. तुमच्या तटावरही गिलावा थोडा उडालेला दाखवा. त्या विटा या प्रमाणात जेमतेम दीड-दोन मिमी जाड होतात, एकेक कोरत बसू नका. साधा कंगवा पट्टीला धरून आडवा ओढा. बाकी भागावर वॉल पुट्टीत चाळलेली माती कालवून पातळ हात द्या.

कमान नको. खरी कमान ग्रीक दरवाजांत इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागते. इथे लाकडी तुळई किंवा सपाट दगड टाका. दिवाळीच्या किल्ल्यांचा हात असला की बुरूज गोल होतात आणि जंग्या (मारा करायची भोकं) खाली उतरत्या. इथे बुरूज चौकोनी, बाजू १०० मिमी, तटाच्या पुढे आलेले, झरोके सरळ आणि अरुंद. यंत्रांसाठीच्या मोठ्या खिडक्या टाळा, कॅटापल्ट हे फेकयंत्र या युद्धानंतर, इ.स.पू. ३९९ मध्ये, सिसिलीतल्या सिरॅक्यूजला आलं. दरवाजाचा बुरूज चालून येणाऱ्याच्या उजव्या हाताला ठेवा. ढाल डाव्या हातात असते, उजवी कूस उघडी पडते.

थर्माकोल_सुरी
एमडीएफ वाकतं कारण पाणी एकाच बाजूने शोषलं जातं. वरून हात दिला की लगेच खालूनही द्या आणि उभं करून वाळवा.

फेविकॉल दोन भाग, पाणी एक, काळा ॲक्रिलिक एक, असे दोन हात. पहिला रात्रभर वाळू द्या. स्प्रे कॅन याआधी अजिबात नको, त्यातलं सॉल्व्हंट फोम खातं, आणि सांध्यात राहिलेलं टाचणीएवढं उघडं भोकही पुरतं. दोन एक्सपीएस बोर्डांमध्ये फेविकॉलला हवा मिळत नाही, मधला भाग आठवडाभर ओला राहू शकतो. पातळ थर द्या आणि बांबूच्या काड्या खुपसून पकड घ्या.

रंगात एक चूक सर्रास होते: सह्याद्रीच्या कातळासारखा निळसर काळा. ग्रीसचे बहुतेक तट चुनखडीचे आहेत. करडा-तपकिरी पहिला हात, त्यावर उबदार राखाडीचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हलका हात), शेवटी फक्त कडांना फिकट बदामी. सांध्यांखाली पातळ गेरूचे ओघळ.

फासेवाला
तट फुटल्याचा वेगळा तुकडा करायचा आहे. नुसता ढिगारा घालू का?

मातीवीट
मँटिनिया या ग्रीक शहराचं उदाहरण बघा. इ.स.पू. ३८५ मध्ये स्पार्टाचा राजा अगेसिपोलिस याने शहरातून वाहणारी ओफिस नदी अडवली. पाणी चढलं, खालच्या विटा विरघळल्या आणि वरचा तट कलायला लागला. आतल्यांनी लाकडांचे टेकू दिले. तर दोन तुकडे करा. पहिला बाहेर १० अंश कललेला, तळाशी विटा खाल्लेल्या, आतून पाच-सहा टेकू. दुसरा पडलेला, दगडी पाया शाबूत आणि वर मातीचा उतार. कच्ची वीट भिजून पडते तेव्हा तिचे चौकोनी तुकडे राहत नाहीत, चिखल होतो. पुट्टीत भुसा घालून उतार करा, विटा चार-पाचच रोवा. उतार ३५ अंशांच्या वर नेलात तर बेस घसरतील.