'डिस्ट्रिक्ट' म्हणजे जिल्हा की विलायत?

इजिप्तमधले ब्रिटिश उच्चायुक्त मॅकमहॉन यांनी मक्केचे शरीफ हुसेन यांना २४ ऑक्टोबर १९१५ रोजी धाडलेल्या, अरबांच्या स्वातंत्र्याचं आश्वासन देणाऱ्या पत्राचं मराठी करतेय. दमास्कस, होम्स, हमा आणि अलेप्पो या 'डिस्ट्रिक्टां'च्या पश्चिमेचा सीरियाचा भाग त्या आश्वासनातून वगळायचा, असं त्यात आहे. 'जिल्हे' चालेल ना?

— ताई, 'जिल्हे' नको. पॅलेस्टाईन वगळलेलं होतं की नाही, यावर याच शब्दावरून पुढे कितीतरी वर्षं वाद झाला. अरबी मजकुरात तिथे 'विलायत' होतं. उस्मानी (ऑटोमन तुर्की) कारभारात विलायत म्हणजे प्रांत, वालीच्या म्हणजे सुभेदाराच्या हाताखालचा मुलूख. आपल्याकडे विलायत म्हटलं की इंग्लंडच डोळ्यांपुढे येतं, म्हणून हा अर्थ चटकन आठवत नाही.

आता नकाशा काढा. शहरं धरली, तर दमास्कसहून सरळ पश्चिमेला पट्टी ठेवल्यावर ती सैदापाशी समुद्राला लागते. जेरुसलेम बरंच दक्षिणेला राहतं. म्हणजे पॅलेस्टाईन वगळलेलं नाही. पण दमास्कसची अख्खी विलायत धरली, तर ती अकाबाकडे उतरते आणि पॅलेस्टाईन तिच्या पश्चिमेला पडतं. ब्रिटिश सरकारच्या, चर्चिल यांच्या १९२२ च्या श्वेतपत्रिकेनं पॅलेस्टाईन वगळलेलंच होतं असं सांगितलं. मला ते मुळीच पटत नाही. होम्स आणि हमा या नावाच्या विलायती नव्हत्याच, दोन्ही गावं दमास्कसच्याच विलायतीत. मग त्यांची नावं वेगळी कशाला घातली?

तुम्ही 'जिल्हे' लिहिलंत, तर वाचकाला भांडण कळणारच नाही. 'मुलूख' त्यातल्या त्यात सैल आहे, दोन्ही अर्थ त्यात मावतात.

— आणि ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये 'नॅशनल होम' देऊ म्हणणाऱ्या ब्रिटिशांच्या बाल्फोर जाहीरनाम्यातलं ते 'नॅशनल होम'? 'ज्यूंचं राष्ट्र' असंच वाचलंय सगळीकडे.

— ते चूक आहे. १८९७ च्या बासेलच्या झायोनिस्ट (ज्यू राष्ट्रवादी) परिषदेत 'राज्य' टाळून जर्मन 'हाइमश्टेटे' (घर, वसतिस्थान) हा शब्द मुद्दाम निवडला होता, त्याचीच ही छाया. 'राष्ट्रीय घर' कानाला खटकतं, तरी तेच ठेवा. १९१७ च्या त्या मजकुरात घर 'पॅलेस्टाईनमध्ये' आहे, 'पॅलेस्टाईन हेच घर' असं नाही. हे 'मध्ये' अजिबात गाळू नका. आणखी एक: तिथल्या दहांतले जवळजवळ नऊ लोक अरब, पण मजकुरात ते 'बिगर-ज्यू समाज' म्हणून येतात, तेही फक्त नागरी आणि धार्मिक हक्कांपुरते. राजकीय हक्कांचं नावच नाही. अनुवादात कळवळ्यापोटी 'अरब' घालू नका, ती उणीव दिसली पाहिजे.

— 'मुलूख' करते. विलायतीचा खुलासा तळटीपेत, सोबत नकाशा.