'मेटिक्युलस' म्हणजे काळजीपूर्वक का काटेकोर?

अनुवादिनी: मंडळी, पोटाच्या डायलिसिसच्या (पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडून रक्त साफ करतात ते) पेशंटसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. मूळ इंग्रजीत हात धुण्याबद्दल 'मेटिक्युलस' शब्द आहे, मी 'काटेकोरपणे' लिहिलं तर तपासणाऱ्यांनी ते खोडून 'काळजीपूर्वक' केलं. मला अजिबात पटलेलं नाही. काळजीपूर्वक म्हणजे केअरफुल, भरलेला चहाचा कप पण आपण काळजीपूर्वकच उचलतो. मेटिक्युलस म्हणजे बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, अंगठा, मनगट, काही म्हणजे काही सुटता कामा नये. घरी पिशवी बदलताना तेवढ्याशा चुकीने पोटात इन्फेक्शन होऊ शकतं हो, इथे ढिला शब्द कसा चालेल?

जुनी_वही: तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. मूळ बघा ना, लॅटिनमध्ये 'मेटुस' म्हणजे भीती. इंग्रजीत १६व्या शतकात मेटिक्युलस म्हणजे चक्क भित्रा, मग १९व्या शतकात तोच शब्द फ्रेंचच्या वाटेने परत आला तेव्हा अर्थ झाला बारीकसारीक गोष्टींची नको इतकी काळजी करणारा. इंग्रजी शब्दांच्या वापरावर लिहिणाऱ्या फाउलरने १९२६च्या पुस्तकात या शब्दाच्या सैल वापरावर टीकाच केली होती. म्हणजे शब्दात धास्ती आहे आणि आपल्या 'काळजी'तही ती आहेच. काटेकोरमध्ये कुठेय?

अनुवादिनी: पण आजच्या पेशंटला १६व्या शतकाशी काय करायचंय? मुळावरच जायचं तर 'केअर'चा पण जुन्या इंग्रजीत अर्थ दुःख, चिंता असाच होता. आज कुणाला मेटिक्युलस म्हटलं तर ते कौतुक असतं. काटेकोर म्हणजे काट्यावर तोलल्यासारखं, इकडे नाही तिकडे नाही, मला नेमकं तेच हवंय.

सांगलीकर_ताई: माझ्या आईचं घरी हेच डायलिसिस होतं, दिवसातून ४ वेळा पिशवी बदलायची. 'काळजी घ्या' हे तिला डॉक्टरपासून दूधवाल्यापर्यंत सगळेच म्हणायचे, शेवटी ते तिच्या कानावरून नुसतं जायचं, त्यामुळे तो शब्द नकोच. पण 'काटेकोर' वाचून ती घाबरली असती, आपल्याला जमणारच नाही म्हणाली असती. नर्सने तिला दोन्ही शब्द न वापरता शिकवलं, आधी खिडकी-पंखा बंद, मग मास्क, मग हात, आणि हात धुतल्यावर मोबाइलला पण हात लावायचा नाही, लावला तर परत पहिल्यापासून धुवायचे.

जुनी_वही: ताई, पटलं. तरी दोन्हीतून एकच निवडायचा झाला तर मी 'काळजीपूर्वक'च ठेवीन, तो निदान कुणाला घाबरवत नाही.

अनुवादिनी: ताई, 'परत पहिल्यापासून' हे मूळ पत्रकात नाहीये पण असायला हवं, आजच त्यांना कळवते. ओळ अशी करते, 'हात धुताना एकही पायरी गाळू नका', आणि खाली पायऱ्या. ही जर खोडली तर मात्र मी भांडणार.