मदत हवी आहे : विडी वळणाऱ्या हातांची चित्रकथा

नमस्कार मंडळी. मी निपाणीची, सध्या बेळगावात चित्रकला शिकते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी निपाणीतल्या विडी कामगार बायकांवर चित्रकथा करतेय. माझ्या आजीने आयुष्यभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा. हे सगळं मी चौकटींत मांडलंय, पण चौकटी लहान केल्या की नुसती घाई दिसते, तिच्या हातातला सराव दिसत नाही.

डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरच्या 'भीमायन' या चित्रकथेत (२०११) दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी सरळ चौकटी टाळून परधान गोंड या आदिवासी चित्रशैलीच्या नक्षीनेच पान विभागलंय. बोचऱ्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी, मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकारात! ते पाहिल्यापासून वाटतंय, माझी वाट सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या चित्रकथी या लोककलेतून निघेल. तिथे पोथीतली सुटी चित्रं एकेक दाखवत, गात कथा सांगतात. किती वेळ थांबायचं ते गाणं ठरवतं.

आंबोलीमार्गे पिंगुळीला जाऊन ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय पाहिलेलं कोणी आहे का इथे? तिथे बसून रेखाटनं करू देतात का?

आणखी एक. फुग्यात हाताने देवनागरी लिहिताना वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. अंतर वाढवलं तर फुगाच चित्र व्यापतो. तुम्ही आधी अक्षरं लिहून मग फुगा काढता, की उलट? कच्ची पानं दाखवलीत तरी फार उपयोग होईल.