दिवसाचा क्रम थोडा उलटा करून बघा

तुम्ही साताऱ्यात सकाळी राजवाडा, दुपारी ‘चार भिंती’ ही वास्तू आणि संध्याकाळी लिंब गावातली विहीर असं ठरवलंय. सोबत आई-वडील आहेत म्हणून सुचवते, भर दुपारी चार भिंतींवर जाऊ नका. तिथे सावली अशी नाहीच. सकाळीच जा, अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेवरच आहे. दसऱ्याची मिरवणूक राजघराण्यातल्या स्त्रियांना बघता यावी म्हणून प्रतापसिंह महाराजांनी १८३० च्या सुमारास ती वास्तू बांधली. आता तिथे १८५७ च्या वीरांचा स्मृतिस्तंभ आहे आणि समोर सगळं सातारा पसरलेलं दिसतं.

मग खाली राजवाडा. आतून बघायला मिळेलच असं धरून चालू नका, पण नुसत्या दर्शनी भागासमोर उभं राहिलं तरी मन भरतं. ७ नोव्हेंबर १९०० ला लहान भीमराव, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, याच परिसरातल्या शाळेत दाखल झाले, हे मुलांना तिथेच उभं राहून सांगा. कंदी पेढे इथेच घ्या.

विहीर मात्र दुपारसाठीच ठेवा, ऊन डोक्यावर असलं की तळापर्यंत उजेड जातो. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ मध्ये ती बांधून घेतली, खोली जवळजवळ ११० फूट. विहिरीच्या पोटात चक्क छोटा महाल आहे! खांबांवरची शिल्पं सावकाश बघा, घाई केलीत तर निम्मी निसटतील. पायऱ्या उतरताना आईंचा हात धरा.