सुनेच्या व्हिसासाठी आई-वडिलांनी जॉइंट स्पॉन्सर होणं

नमस्कार मंडळी,

मुलगा अमेरिकेचा सिटिझन आहे, सूनबाई पुण्यात. आय-१३० (बायकोला आणण्यासाठी मुलाने केलेली याचिका) मंजूर होऊन केस एनव्हीसीकडे (व्हिसाचे कागद गोळा करणारं केंद्र) आली आहे. मुलाचं शिक्षण नुकतंच संपलं, सध्या अर्धवेळ काम. गेल्या वर्षीचं उत्पन्न जेमतेम ९ हजार डॉलर. आम्ही दोघंही सिटिझन, टॅक्स एकत्र भरतो. हिची नोकरी आहे, डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला) वर ६२ हजार. माझा व्यवसाय, उलाढाल चांगली, पण खर्च जाऊन हातात फार उरत नाही. धाकटी मुलगी १९ वर्षांची, कॉलेजात. मुलाच्या जोडीला जॉइंट स्पॉन्सर म्हणून आय-८६४ (सुनेला आर्थिक आधार देण्याच्या हमीचा फॉर्म) माझ्या नावाने भरायचा आणि घराचे कागद जोडायचे असा विचार आहे. नोटरी लागेल ना?

— एडिसन

उत्तर:

नमस्कार,

नोटरी लागत नाही. पेनाने केलेली सही मात्र हवी, टाइप केलेलं नाव सही म्हणून धरत नाहीत.

फॉर्म तुमच्या नावाने नको, वहिनींच्या नावाने भरा. तुमच्या व्यवसायाची उलाढाल कोणी बघणार नाही. शेड्यूल सी (रिटर्नमधला व्यवसायाचा हिशोब) वर खर्च वजा जाऊन जो नफा उरतो तेवढंच तुमचं उत्पन्न. वहिनींचे ६२ हजार एकट्याने पुरतात. तुमचा आकडा त्यात मिळवायचा तर तुम्हाला आय-८६४ए (घरातल्या माणसाचं उत्पन्न स्पॉन्सरच्या उत्पन्नात मिळवण्याचा करार) वर सही करावी लागेल, म्हणजे गरज नसताना आणखी एक माणूस बांधला जाईल. रिटर्न एकत्र असल्यामुळे १०४० (टॅक्स रिटर्नचा फॉर्म) च्या ओळ ९ वर दोघांची बेरीज दिसते. वहिनींचा वाटा वेगळा दिसावा म्हणून त्यांचा डब्ल्यू-२ जोडायलाच हवा. एकत्र रिटर्न भरणाऱ्यांची केस बहुतेक इथेच अडते: ट्रान्सक्रिप्ट (टॅक्स खात्याने, म्हणजे आयआरएसने, दिलेला रिटर्नचा उतारा) लावलं की झालं, असं वाटतं आणि डब्ल्यू-२ राहून जातो.

आता कुटुंबाची मोजणी. वहिनी, तुम्ही, धाकटी (२१ च्या आतली, अविवाहित) आणि सूनबाई, असे चार. स्पॉन्सरचं उत्पन्न सरकारी गरिबी रेषेच्या निदान १२५ टक्के हवं; २०२५ च्या तक्त्यात ही १२५ टक्क्यांची रेषा चार जणांसाठी ४०,१८७ डॉलर आहे. अलास्का आणि हवाईचे आकडे याहून जास्त. एक गोष्ट मात्र तपासा: गेल्या वर्षीच्या रिटर्नमध्ये मुलाला डिपेन्डन्ट (तुमच्यावर अवलंबून) दाखवलं होतं का? विद्यार्थी म्हणून दाखवलं असेल तर तोही मोजावा लागतो, पाच जण होतात आणि रेषा ४७,०६२ वर जाते. तुम्हाला दोन्ही आकडे जमतात, पण फॉर्मवर चार आणि रिटर्नवर वेगळंच चित्र असेल तर फॉर्म परत येतो. तक्ता दरवर्षी वर सरकतो, तेव्हा अगदी काठावर असणाऱ्यांनी जपून.

मुलाचा स्वतःचा आय-८६४ तरीही लागतोच. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. याचिका त्याची, म्हणून मुख्य स्पॉन्सर तोच. ९ हजार तर ९ हजार, खरं तेच लिहायचं. वहिनींचा फॉर्म त्याच्या जोडीला जातो. जॉइंट स्पॉन्सरने रेषा एकट्याने पार करायची असते. मुलाचे ९ हजार त्यात मिळवता येत नाहीत. मिळवणी चालते ती आय-८६४ए मध्ये, आणि त्यासाठी सहसा एका घरात राहणं लागतं.

वहिनींच्या फॉर्मसोबत: पासपोर्टचं फोटोचं पान किंवा नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, आयआरएसचं ताज्या वर्षाचं ट्रान्सक्रिप्ट, डब्ल्यू-२, नोकरीचं पत्र आणि गेल्या सहा महिन्यांच्या पे-स्टब. १२० डॉलरची फी केसला एकदाच, जॉइंट स्पॉन्सरची वेगळी नाही. सूनबाईंच्या व्हिसा अर्जाचे ३२५ निराळे.

घराचे कागद लावू नका. उत्पन्न पुरत असताना मालमत्ता दाखवली की नुसते प्रश्न वाढतात. ज्यांचं उत्पन्न कमी पडतं त्यांच्यासाठी हिशोब असा: सिटिझनच्या नवऱ्याला किंवा बायकोला आणायचं असेल तर तुटीच्या तिप्पट मालमत्ता, ग्रीन कार्डवाल्याच्या जोडीदाराला पाचपट. ५ हजार कमी पडत असतील तर १५ हजार किंवा २५ हजार. घराची किंमत कर्ज वजा करून धरायची, आणि वर्षभरात रोख करता येईल असंच काही चालतं. सूनबाईंच्या स्वतःच्या नावावरची एफडीही धरता येते. सातबारा जोडून शेतजमीन दाखवणारे असतात; ती वर्षात विकून पैसे हातात येतील हे अधिकाऱ्याला पटवणं मुश्कील.

— ह्यूस्टन

उत्तर:

वरच्या हिशोबाला माझा दुजोरा. फक्त सही करण्याआधी वहिनींनी फॉर्मचा कराराचा भाग स्वतः वाचावा. आपल्याकडे 'मुलासाठी एक सही' म्हणून कागद पुढे सरकवतात, पण हा सरकारशी केलेला करार आहे.

सूनबाईंना ग्रीन कार्ड मिळालं की जबाबदारी सुरू होते. संपते कधी? त्या सिटिझन झाल्या, त्यांच्या सोशल सिक्युरिटी खात्यावर कामाचे ४० क्वार्टर (कमाईवर मिळणारे तिमाहीचे गुण) जमा झाले, ग्रीन कार्ड सोडून त्या कायमच्या परत गेल्या, किंवा मृत्यू. घटस्फोटाने संपत नाही. उलट लांबते: लग्न टिकलेलं असताना नवऱ्याचे लग्नानंतरचे क्वार्टर बायकोच्या ४० मध्ये धरता येतात, घटस्फोटानंतर ते हिशोबातून जातात. वर्षाला जास्तीत जास्त चार क्वार्टर, म्हणजे एकटीच्या कमाईवर किमान दहा वर्षं. मुलगा आणि आई दोघंही पूर्ण रकमेला जबाबदार. सरकार किंवा सूनबाई दोघांपैकी कोणावरही दावा लावू शकतात. सुटण्याचा जवळचा रस्ता सिटिझनशिप. सिटिझन नवऱ्यासोबत राहत असतील तर ग्रीन कार्डनंतर तीन वर्षांनी अर्ज करता येतो.

घर बदललं तर वहिनींनी ३० दिवसांत आय-८६५ (स्पॉन्सरचा पत्ता बदलल्याचा फॉर्म) भरायचा. हे कोणी करत नाही, पण दंड २५० डॉलरपासून आहे.

— शिकागो

एडिसनहून पुन्हा:

मनापासून आभार. दोन शंका. हिच्या आईलाही पुढे आणायचं आहे, त्यात अडचण येईल का? आणि मुलाला मुलाखतीआधी पूर्णवेळ नोकरी लागली तर?

उत्तर:

आजींच्या फॉर्ममध्ये सूनबाई मोजाव्या लागतील, कारण तोवर वहिनींची जबाबदारी चालू असेल. तुम्ही, वहिनी, धाकटी, सूनबाई, आजी: पाच. धाकटी २१ ची झाली आणि रिटर्नवरूनही उतरली तर चार. ६२ हजारांत बसतं. उत्पन्न काठावर असलेल्या घरात मात्र कोणाच्या आईला आधी आणायचं हे ठरवूनच सही कोणी करायची ते ठरवावं.

नोकरीबद्दल: गेल्या वर्षीचा रिटर्न हा पुरावा, पण निर्णय चालू वर्षाच्या उत्पन्नावर. मुलाच्या कुटुंबात तो आणि सूनबाई असे दोनच, २०२५ च्या तक्त्यात रेषा २६,४३७. पूर्णवेळ नोकरी लागलीच तर नेमणुकीचं पत्र, पगार लिहिलेलं, आणि येतील तेवढ्या पे-स्टब जोडून त्याचा आय-८६४ नव्याने सही करून सूनबाईंच्या हाती मुंबईला मुलाखतीसाठी पाठवा. कालच लागलेली नोकरी अधिकारी धरेलच असं नाही. म्हणून वहिनींचा फॉर्मही फाइलमध्ये असू द्या. तो नसेल आणि अधिकाऱ्याने मागितला तर २२१(जी) ची चिठ्ठी (कागद अपुरे म्हणून व्हिसा अडवल्याची) मिळते, केस कागद पोचेपर्यंत थांबते, आणि वर्षभरात कागद दिले नाहीत तर बंद होते.

मुलाच्या एकट्याच्या पगारावर भागतंय असं दिसलं, तर वहिनींना आपला फॉर्म लेखी मागे घेता येतो, पण व्हिसा निघायच्या आत. व्हिसा निघाल्यावर पत्र पाठवून उपयोग नाही.

— ह्यूस्टन